रिकाम्या वर्षांचा हिशेब

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयला नावाचं एक बेट आहे. वस्ती साडेतीन हजारांच्या आत, झाडं थोडी, वारा मात्र बारा महिने. या बेटाच्या मध्यापर्यंत घुसलेल्या लॉख इंडाल या खाडीच्या पश्चिम काठावर, रस्त्याला लागून, पांढऱ्या भिंतींची ब्रुकलॅडी डिस्टिलरी उभी आहे. १९९४ मध्ये मालकांनी ती बंद केली. मालक कंपनीकडे आणखीही डिस्टिलऱ्या होत्या, लागेल तेवढा माल त्यांच्यातून मिळत होता, आणि ही एक त्यांच्या हिशेबात जास्तीची झाली होती. भट्ट्या निवल्या, बहुतेक कामगार घरी गेले, फाटकाला कुलूप लागलं.

डिसेंबर २००० मध्ये काही खासगी गुंतवणूकदारांनी ही डिस्टिलरी विकत घेतली आणि २९ मे २००१ रोजी तिच्या भट्टीतून पुन्हा धार सुरू झाली. बंद पडलेला कारखाना सुरू झाला, कामगार परतले, गाव आनंदलं. पण खरी अडचण त्या दिवशी संपली नव्हती. ती त्या दिवसापासून सुरू होणार होती.

साखर कारखाना दोन हंगाम बंद राहिला तर दोन हंगामांचं नुकसान होतं. तिसऱ्या वर्षी ऊस आला, गाळप सुरू झालं की थोड्याच दिवसांत गोदामात पोत्यांच्या थप्प्या लागतात. व्हिस्कीचं तसं नाही. भट्टीतून उतरते ती पाण्यासारखी रंगहीन, जिभेला चटका देणारी दारू. कायद्याप्रमाणे ती स्कॉटलंडमध्येच, ओकच्या लाकडाच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावी लागते. तोवर तिला स्कॉच हे नाव लावता येत नाही. नावाजलेल्या बाटल्यांवर तर १०, १२, १६ असे वर्षांचे आकडे असतात. म्हणजे आज विकायला जो माल लागतो, तो दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी गाळून, पिंपात भरून, वाट पाहत ठेवलेला असला पाहिजे. ब्रुकलॅडीत १९९४ पासून २००१ पर्यंत जवळजवळ काहीच गाळलं गेलं नाही. ती वर्षं गोदामात रिकामी राहिली, आणि गेलेली वर्षं कुठल्याही बाजारात विकत मिळत नाहीत. पैसा उभा करता येतो, यंत्रं दुरुस्त करता येतात, माणसं परत बोलावता येतात. मधल्या काळात न मुरलेली दारू मात्र कोणालाही मागाहून मुरवता येत नाही. ही तूट या डिस्टिलरीने कशी सोसली, हीच मला तिच्या पुनर्जन्माची गोष्ट वाटते.

आधी थोडं मागे जायला हवं. ब्रुकलॅडी १८८१ मध्ये हार्वी कुटुंबातल्या तीन भावांनी बांधली. ग्लासगोत त्यांच्या घराण्याच्या डिस्टिलऱ्या आधीपासून चालू होत्या. आयलावरच्या जुन्या डिस्टिलऱ्या बहुतेक शेतघरांतून वाढत गेलेल्या, गरजेप्रमाणे एकेक खोली जोडत मोठ्या झालेल्या. हार्वी बंधूंनी मात्र कोऱ्या जागेवर आखणी केली: मधोमध मोठं अंगण, भोवती चारी बाजूंनी इमारती, आणि बांधकामाला किनाऱ्यावरचे गोटे घालून केलेलं काँक्रीट. त्या काळात हे काँक्रीट अगदी नवं होतं. कोळसा आणि बार्ली घेऊन येणाऱ्या वाफेच्या बोटी समोरच्या धक्क्याला लागत आणि पिंपं भरून परत जात.

त्या १८८१ सालच्या यंत्रसामग्रीपैकी बरंच काही आजही कामात आहे, आणि व्हिस्की कशी होते हे समजून घ्यायला त्या इमारतीतून एक फेरी मारण्याइतका सोपा मार्ग नाही.

बार्ली पाण्यात भिजवायची, तिला मोड येऊ द्यायचे आणि मोड वाढायच्या आत ती वाळवायची, ही पहिली पायरी. मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागणारी द्रव्यं जागी होतात. पूर्वी हे काम ब्रुकलॅडीतच जमिनीवर बार्ली पसरून, फावड्याने उलथीपालथी करून होई. १९६१ मध्ये ते थांबलं आणि मोड आणलेली बार्ली बाहेरून येऊ लागली. ती आली की १९१३ सालच्या बॉबी गिरणीत तिचा भरडा काढतात. ही गिरणी अजून पट्ट्यांवर चालते. मग तो भरडा जातो बिडाच्या एका अवाढव्य, वरून उघड्या काहिलीत. तिला मॅश टन म्हणतात. एका वेळी सुमारे ७ टन भरडा आणि त्यावर गरम पाणी, आत गोल फिरत राहणारे दाते. पाणी गोड होतं, खाली निथळतं, उरलेला चोथा बेटावरच्या गुरांना जातो. आजकाल बहुतेक ठिकाणी ही भांडी झाकणबंद, स्टेनलेस स्टीलची असतात. इथे काठावर उभं राहून सगळं डोळ्यांनी पाहता येतं, वाफ तोंडावर येते, भिजलेल्या धान्याचा लापशीसारखा वास येतो.

ते गोड पाणी निवलं की ऑरेगन पाइनच्या लाकडी पिपाडांत यीस्ट घालून आंबवतात. या पिपाडांना वॉशबॅक म्हणतात आणि माणूस आत उभा राहिला तर दिसणार नाही इतकी ती खोल असतात. तीनचार दिवसांत बिअरसारखं फेसाळ पेय तयार होतं. ते तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायचं. दुसऱ्या गाळपात पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढायची, मधली तेवढी ठेवायची. कुठे कापायचं हे भट्टीवाल्याने ठरवायचं असतं, आणि एका डिस्टिलरीची चव दुसरीपेक्षा वेगळी होण्यात त्या निर्णयाचा फार मोठा हात असतो. भट्टीच्या आकाराचाही तसाच. ब्रुकलॅडीच्या भट्ट्यांच्या माना उंच आणि अरुंद आहेत. जड वाफ तिथवर चढताना निवते आणि परत खाली पडते. वर पोहोचते ती हलकी, फुलाफळांच्या वासाची दारू. आयला म्हटलं की लोकांना धुराच्या वासाची व्हिस्की आठवते, पण या डिस्टिलरीची साधी व्हिस्की धुराशिवायची आहे.

ही जुनी यंत्रं आज अभिमानाने दाखवली जातात, आणि ती पाहण्यासारखी आहेतच. मात्र ती कोणी वारसा म्हणून जपली नव्हती, हे सांगितलं पाहिजे. विसाव्या शतकात या डिस्टिलरीचे मालक वरचेवर बदलले. १९३६ मध्ये विल्यम हार्वी वारले, दोन वर्षांत कुटुंबाच्या हातून ती गेली, मग एकाकडून दुसऱ्याकडे असं होत १९६८ मध्ये इन्व्हरगॉर्डन कंपनीकडे आली. १९७५ मध्ये दोनाच्या चार भट्ट्या झाल्या, एवढी एकच मोठी वाढ. बाकी कुठल्याच मालकाला इथे फार पैसा ओतावासा वाटला नाही. नवी यंत्रं आली नाहीत म्हणून जुनी राहिली. १९९३ मध्ये व्हाइट अँड मॅके या कंपनीने इन्व्हरगॉर्डन घेतली आणि पुढच्याच वर्षी ब्रुकलॅडी बंद झाली.

डिस्टिलरी अशी जास्तीची कशी ठरते? स्कॉच व्हिस्कीचा बहुतांश भाग ब्लेंड म्हणून विकला जातो. अनेक डिस्टिलऱ्यांची मॉल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची, व्हिस्की आणि इतर धान्यांपासून मोठ्या प्रमाणावर केलेली स्वस्त व्हिस्की एकत्र मिसळून ब्लेंड होतो. त्यात एखाद्या डिस्टिलरीचं नाव ग्राहकाला कधी कळतही नाही. ब्रुकलॅडीची बरीचशी दारू वर्षानुवर्षं अशीच निनावी मिश्रणात जात होती. शिवाय १९७०च्या दशकात सगळ्यांनी वाढत्या मागणीच्या भरवशावर भरमसाट गाळून ठेवलं होतं. मागणी आटली तेव्हा गोदामं तुडुंब भरलेली होती आणि त्यांना स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीचं तळं म्हणत. १९८३ मध्ये एकट्या डीसीएल कंपनीने आयलावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडची ब्रोरा यांच्यासह अनेक डिस्टिलऱ्या बंद केल्या. ब्रुकलॅडी त्या लाटेत वाचली आणि दहा वर्षांनी बुडाली. दहा वर्षांपूर्वीच्या अंदाजाची किंमत दहा वर्षांनंतरच्या कामगाराने मोजायची, हा या धंद्याचा स्वभावच आहे, आणि मला तो क्रूर वाटतो.

जाता जाता एक नोंद. ज्या व्हाइट अँड मॅकेने ब्रुकलॅडीला कुलूप लावलं, ती कंपनी २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने ५९.५ कोटी पौंडांना विकत घेतली. तोवर ब्रुकलॅडी तिच्या हातून गेली होती, नाहीतर या डिस्टिलरीच्या कागदांवर काही वर्षं बंगळुरूचा पत्ता आला असता. स्कॉचच्या या ब्लेंडच्या अर्थकारणाला भारताची मागणी आता फार मोठा आधार आहे: २०२२ मध्ये २१.९ कोटी बाटल्यांइतकी स्कॉच आपल्याकडे आली आणि संख्येत आपण फ्रान्सला मागे टाकलं. त्यातला मोठा भाग बाटलीतून येत नाही. तो मोठ्या प्रमाणात सुटा येतो आणि इथल्या व्हिस्कीत मिसळला जातो.

ब्रुकलॅडी घेणाऱ्या गुंतवणूकदारांत पुढे होते मार्क रेनिअर, लंडनचे वाइनचे व्यापारी. ब्रुकलॅडीची व्हिस्की त्यांना आवडत असे आणि ही डिस्टिलरी विकत घेण्याचा त्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. शेवटी १९ डिसेंबर २००० रोजी सौदा झाला, साठवणीतल्या पिंपांसह सुमारे ६५ लाख पौंडांना. कारखाना चालवण्यासाठी त्यांनी जिम मॅकइवन यांना आणलं, आणि ही निवड फार मोलाची ठरली. मॅकइवन आयलाचेच. खाडीच्या पलीकडच्या काठावर बोमोर गाव आहे. तिथल्या डिस्टिलरीत १९६३ मध्ये, वयाच्या १५व्या वर्षी, ते पिंपं बांधणाऱ्या कारागिराच्या हाताखाली कामाला लागले आणि तिथेच वर चढत गेले. लाकडापासून सुरुवात केलेला हा माणूस होता आणि पुढे नेमकं लाकूडच कामाला येणार होतं.

२००१ चे पहिले पाच महिने दुरुस्तीत गेले. सगळी यंत्रं उकलून, साफ करून, पुन्हा जोडली. नवी घ्यायला पैसेच नव्हते. या यंत्रांची खडान्खडा माहिती असलेले डंकन मॅकगिलिव्हरे आणि इतर जुने कामगार परत आले, आणि त्यांच्याविना हे झालंच नसतं, कारण जवळजवळ नव्वद वर्षांच्या गिरणीचे सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. उत्पादनात संगणक आणला नाही. मोजपट्टी बुडवून पातळी बघायची, व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे, धार कधी कापायची हे माणसाने ठरवायचं. यामुळे माणसं जास्त लागतात. बेटावर, जिथे तरुण मुलं कामासाठी ग्लासगोची वाट धरतात, तिथे हा तोटा मानायचा की कमाई हे प्रत्येकाने ठरवावं. माझ्या लेखी ती कमाई आहे.

या जुन्या यंत्रांमुळे एक विलक्षण प्रकारही घडला. लोकांना घरबसल्या काम पाहता यावं म्हणून डिस्टिलरीत वेबकॅमेरे लावले होते. २००३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका संस्थेकडून ईमेल आली की तुमचा एक कॅमेरा बंद पडलाय. सामूहिक संहाराच्या शस्त्रांवर नजर ठेवणारी ती संस्था होती. रासायनिक शस्त्रं बनवण्याच्या आणि दारू गाळण्याच्या सामग्रीत साम्य असतं म्हणून त्यांची माणसं ब्रुकलॅडीचे कॅमेरे पाहत होती. इराकवर स्वारी झाली ते हे वर्ष. डिस्टिलरीने त्या प्रसंगावर एक खास बाटलीच काढली, आणि जाहिरातीवर एक पैसा खर्च न करता तिचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचलं. पैशाची चणचण असलेल्या कंपनीला त्या वर्षी याचा फार आधार झाला असणार.

आता पुन्हा तुटीकडे. हाताशी होती १९९४ च्या आधी भरलेली पिंपं. त्यातली अनेक वारंवार वापरून थकलेली होती. ओकचं पिंप म्हणजे चहाच्या पुडीसारखं नव्हे की एकदा वापरलं आणि टाकलं. ते अनेकदा भरतात, पण दर वेळी लाकडातून दारूला मिळणारा रंग आणि स्वाद कमी होत जातो. शेवटी ते नुसतं भांडं उरतं. व्हिस्कीच्या चवीतला मोठा वाटा लाकडाकडून येतो, त्यामुळे वीस वर्षं थकलेल्या पिंपात राहिलेली दारू वयाने मोठी आणि चवीने पोरसवदा राहू शकते. मॅकइवन यांनी पिंपामागून पिंप तपासलं आणि थकलेल्या पिंपांतली दारू चांगल्या पिंपांत हलवली. बोर्बनची, शेरीची, आणि रेनिअर वाइनच्या धंद्यातले असल्याने फ्रान्सच्या नामांकित द्राक्षमळ्यांचीही पिंपं मिळवली. लाल वाइनच्या पिंपात काही महिने राहिलेली व्हिस्की गुलाबी झाक घेऊन बाहेर येई. अशा छोट्या छोट्या तुकड्या करून, प्रत्येकीला वेगळं नाव देऊन, त्यांनी दहा वर्षं बाजारात काही ना काही नवं ठेवलं. इतक्या बाटल्या निघाल्या की कोणती घ्यावी हे चाहत्यांनाही कळेना, आणि तशी टीका झाली. टीका योग्य होती. तरी ती करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यायला हवं होतं की ज्याच्याकडे दरवर्षी सारखी देता येईल अशी दहा वर्षांची व्हिस्कीच नाही, त्याला दुसरा मार्ग कोणता होता?

साठा दरवर्षी आपोआप घटतही असतो. लाकडातून थोडी दारू हवेत उडून जाते; स्कॉटलंडमध्ये साधारण २ टक्के दरवर्षी. तिथले लोक याला देवदूतांचा वाटा म्हणतात. दहा वर्षांत पिंपातला जवळजवळ पाचवा हिस्सा असा जातो. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची मॉल्ट, व्हिस्की तयार होते. तिथल्या उष्ण हवेत हा वाटा स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो, आणि मुरण्याचा वेगही तसाच. त्यामुळे पाचसहा वर्षांत ती बाटलीत भरण्याजोगी होते. तिच्या काही प्रकारांसाठी आयलाहून पीट मागवलं जातं. थंड बेटावर मात्र काळाला घाई करता येत नाही.

पीटवरून ब्रुकलॅडीच्या सर्वांत हुशार डावाकडे येता येतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर. आयलावर तो मुबलक आहे. कापून, वाळवून लोक तो चुलीत जाळत आले. मोड आणलेली बार्ली पीटच्या धुरावर वाळवली की दाण्यात फिनॉल नावाची द्रव्यं शिरतात आणि व्हिस्कीला धुराचा, औषधाचा, समुद्रकिनाऱ्यावर पेटवलेल्या शेकोटीचा वास येतो. हे प्रमाण दशलक्षात किती भाग असं मोजतात. आयलावरच्या दमदार धुराच्या व्हिस्कींसाठी हा आकडा ३५ ते ५५ च्या दरम्यान असतो.

२९ मे २००१ ला पहिली धार निघाली ती ब्रुकलॅडीच्या नेहमीच्या बिनधुराच्या व्हिस्कीची नव्हती. बार्ली ४० भाग फिनॉलची होती आणि त्या दारूला शेजारच्या गावावरून पोर्ट शार्लट हे नाव मिळालं. २००२ मध्ये त्याहून कितीतरी जास्त धुराची ऑक्टोमोर गाळायला सुरुवात झाली. २००८ मध्ये ऑक्टोमोरची पहिली बाटली आली तेव्हा आकडा १३१ होता; पुढच्या एका आवृत्तीत तो ३०९ वर गेला. आकड्यांच्या या चढाओढीला फार महत्त्व देऊ नये, कारण मोजणी बार्लीतली असते, गाळताना त्यातलं बरंच मागे राहतं. पण धुराचा एक गुण इथे कामाला आला. पिंपात जसजशी वर्षं जातात तसतसा धूर मवाळ होतो. म्हणजे धुरकट व्हिस्की तरुणपणीच सर्वांत जोरकस असते. पाच वर्षांची बिनधुराची मॉल्ट लोकांना कोवळी वाटली असती. पाच वर्षांची पोर्ट शार्लट २००६ मध्ये आली आणि ऑक्टोमोर दोन वर्षांनी, आणि दोन्ही लोकांनी रांगा लावून घेतल्या. ज्यांच्याकडे वय नव्हतं त्यांनी कमी वयातच शोभेल अशी व्हिस्की घडवली.

दुसरा डाव जिनचा. ग्लासगोजवळच्या डंबार्टनची इन्व्हरलीव्हन डिस्टिलरी पाडली जात होती. तिथली एक जाडजूड, बुटक्या मानेची, लोमंड प्रकारची भट्टी ब्रुकलॅडीने भंगारातून वाचवून बेटावर आणली होती. ती बराच काळ तशीच पडून होती. २०१० मध्ये तिच्यात जिन गाळायला सुरुवात झाली. ती जिन म्हणजे बॉटनिस्ट. तिच्यात नेहमीच्या नऊ घटकांबरोबर आयलाच्या रानात, टेकड्यांवर, किनाऱ्यावर हाताने खुडलेल्या २२ वनस्पती असतात. सुरुवातीला ही खुडणी बेटावरच्या एका निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ जोडप्याने केली. जिनला पिंपात मुरावं लागत नाही. आज गाळली, थोड्याच दिवसांत विकली. ज्या धंद्यात पैसा दहा वर्षं लाकडात अडकून राहतो, तिथे ही रोकड म्हणजे मोकळा श्वास होता. आज अनेक नव्या डिस्टिलऱ्या पहिली पाच वर्षं जिनवर काढतात ते याच कारणाने.

बार्लीचा प्रश्न मात्र पैशाने सुटणारा नव्हता. आयलावर एवढ्या डिस्टिलऱ्या, पण बार्ली जवळजवळ सगळी बाहेरून येई. बेटावरचे शेतकरी गुरं-मेंढ्यांवर आणि गवतावर जगत. वाइनच्या धंद्यात मळा, माती, उतार, पाऊस यांना मान असतो. धान्याला तो का नसावा, असं रेनिअर यांचं म्हणणं होतं. २००४ मध्ये त्यांच्यासाठी आयलावर बार्ली पेरली गेली. किनाऱ्यावर वारा मोठा, पाऊस बेभरवशाचा, आणि ऐन कापणीत रानहंसांचे आणि हरणांचे कळप शेतात. उतारा मुख्य भूमीपेक्षा कमी. तरीही शेतकरी टिकले, आणि आज डझनभराहून अधिक शेतकरी ब्रुकलॅडीसाठी पेरतात. ऑर्कनी बेटांवरचं बेअर नावाचं फार जुनं वाणही त्यांनी घेतलं. त्या दाण्यातून दारू कमी उतरते, गिरणीत तो अडकतो, तरीही घेतलं. माती बदलली की गाळलेल्या, पिंपात मुरलेल्या दारूची चव किती बदलते यावर जाणकारांत वाद आहे. मला त्या वादाच्या निकालापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं की व्हिस्कीचा पैसा बेटावरच्या शेतापर्यंत पोहोचला. २००३ मध्ये बाटल्या भरण्याची सोयही बेटावरच केली, रंग न घालता आणि गार करून गाळून न घेता किमान ४६ टक्क्यांना भरायला सुरुवात केली. ऑक्टोमोर नावाच्या शेतातल्या झऱ्याचं पाणी बाटली भरताना मिसळायला आणलं. आज इथे शंभराच्या आसपास माणसं काम करतात आणि त्यातली बहुतेक आयलावरच राहतात. साडेतीन हजारांच्या आतल्या वस्तीत हा आकडा फार मोठा आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये लॅडी टेन आली. पुन्हा सुरू झाल्यावर गाळलेल्या दारूची, पुरी दहा वर्षं मुरलेली पहिली बाटली. नव्या व्यवस्थेने आपल्या हाताने गाळलेलं आता विकता येत होतं, दरवर्षी सारखं. तूट भरून निघाली होती. आणि वर्षभरातच, जुलै २०१२ मध्ये, फ्रान्सच्या रेमी क्वान्त्रो कंपनीने डिस्टिलरी ५.८ कोटी पौंडांना विकत घेतली. रेनिअर यांचा विरोध होता. इतर भागधारकांचं मत वेगळं पडलं. भागधारकांना दोष द्यावासा वाटत नाही. एवढी वर्षं अडकलेला पैसा त्यांना सोडवायचा होता, आणि आणखी पिंपं भरून ठेवायला आणखी भांडवल लागणारच होतं. मॅकइवन २०१५ मध्ये निवृत्त झाले. यंत्रं जुनीच राहिली, बेटावरची बार्ली वाढत गेली, एवढं नव्या मालकांच्या पदरात टाकायला हवं.

रेनिअर आयर्लंडला गेले. वॉटरफर्ड शहरातली एक बंद पडलेली ब्रुअरी घेऊन त्यांनी डिस्टिलरी उभारली, २०१५ च्या अखेरीस गाळप सुरू केलं आणि प्रत्येक शेताची बार्ली वेगळी ठेवून वेगळी बाटली काढली. कल्पना तीच, अधिक कसोशीने राबवलेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉटरफर्ड धनकोंच्या हाती गेली. ब्रुकलॅडीकडे निदान जुनी पिंपं होती, जुनं नाव होतं, आणि २००१ नंतर सिंगल मॉल्टचा बाजार सतत वाढत होता. वॉटरफर्डकडे पहिल्या दिवशी एकही पिंप नव्हतं, आणि तिची व्हिस्की मुरून तयार होत असतानाच बाजार उतरणीला लागला. मला या दोन गोष्टींत कर्तबगारीचा फरक फारसा दिसत नाही.

इतर बंद डिस्टिलऱ्याही उघडल्या. ब्रोरा मे २०२१ मध्ये, पोर्ट एलन मार्च २०२४ मध्ये. २०१७ मध्ये त्यांच्या मालक डियाजिओ कंपनीने या दोघींसाठी ३.५ कोटी पौंड जाहीर केले होते, म्हणजे ब्रुकलॅडीच्या सौद्याच्या पाचपट. फॉल्कर्कची रोझबँक १९९३ पासून बंद होती. तिच्या तांब्याच्या भट्ट्या २००८ च्या नाताळाच्या सुमारास चोरांनी उचलून नेल्या. जुने नकाशे शोधून तशाच नव्या घडवाव्या लागल्या आणि २०२३ मध्ये ती पुन्हा पेटली. पोर्ट एलनची तर भट्टीची इमारतच पाडलेली होती. ती आता काचेच्या भिंतीआड नव्याने उभी आहे, जुन्या आकाराच्या प्रतिकृती भट्ट्या घेऊन. १९८३ च्या आधीची जी थोडी पिंपं शिल्लक आहेत त्यांतून भरलेल्या पोर्ट एलनच्या एकेका बाटलीला हजारो पौंड मोजावे लागतात. नव्या भट्टीतून २०२४ मध्ये उतरलेली दारू स्कॉच म्हणवून घ्यायला २०२७ उजाडेल, आणि तिच्यावर १२ हा आकडा २०३६ च्या आधी छापता येणार नाही.